झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन: कोणाला लागते, कसे लावायचे आणि ते कितपत सुरक्षित आहे?

चेहऱ्यावर वांग आले, उन्हात गेल्यावर पुरळ उठू लागले किंवा कोडाच्या डागांसाठी उपचार सुरू झाले, की डॉक्टर औषधाबरोबर सनस्क्रीनही लिहून देतात. त्यावर रुग्ण आणि घरची मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. हे लावायलाच हवे का? आणि रोज लावून काही अपाय तर होणार नाही ना?

कनेरगाव नाका परिसरात बहुतेकांचे काम उन्हातले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीची काढणी, मग ती शिजवून उन्हात वाळवणे, पावसाळ्यात सोयाबीनची खुरपणी. रस्त्यावर ट्रक आणि एसटीचे चालक दिवसभर उन्हात गाडी चालवतात. अशा लोकांना उपयोगी पडेल एवढी माहिती या लेखात आहे. आधी थोडक्यात उत्तर सांगतो: झिंक ऑक्साइड हा चेहऱ्यावर लावण्याच्या पदार्थांमधला सर्वात सुरक्षित पदार्थांपैकी एक आहे. धोका असतो तो त्याच्याऐवजी विकल्या जाणाऱ्या 'गोरे करणाऱ्या' क्रीममध्ये.

झिंक ऑक्साइड म्हणजे काय?

झिंक म्हणजे जस्त. जस्त आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून तयार होणारी पांढरी भुकटी म्हणजे झिंक ऑक्साइड. नाव नवे वाटले तरी हा पदार्थ तुमच्या घरात बहुधा आधीच येऊन गेला आहे. खाज सुटल्यावर लावतात त्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये तो असतो. बाळाला लंगोटाच्या जागी लाल पुरळ आल्यावर लावायच्या पांढऱ्या मलमातही तोच असतो. क्रिकेटपटू नाकावर आणि गालांवर पांढरा पट्टा ओढून मैदानात उतरतात, तोही बहुतेक वेळा झिंक ऑक्साइडचाच.

सनस्क्रीन दोन प्रकारची असतात. एका प्रकारात अतिनील किरणे शोषणारी सेंद्रिय रसायने असतात. दुसऱ्या प्रकारात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे असतात. या दुसऱ्या प्रकाराला मिनरल किंवा फिजिकल सनस्क्रीन म्हणतात.

ते काम कसे करते?

सूर्यप्रकाशातील दोन प्रकारची अतिनील किरणे आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी किरणांमुळे त्वचा भाजते. यूव्हीए किरणे त्वचेत अधिक खोल जातात आणि त्यांनी त्वचा रापते, सुरकुत्या लवकर पडतात. यूव्हीए किरणे काचेतूनही येतात. गाडीच्या बाजूच्या काचेतून ती आत शिरतात, म्हणून चालकाचा उजवा गाल आणि उजवा हात जास्त काळवंडलेला दिसतो.

झिंक ऑक्साइड आरशासारखे ऊन परतवून लावते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते अतिनील किरणांचा फार थोडा भाग परतवते आणि बहुतांश भाग स्वतःच शोषून घेते. यूव्हीए आणि यूव्हीबी या दोन्हींना ते अडवते, हा त्याचा मोठा गुण. शिवाय ते उन्हात सहजासहजी विघटित होत नाही.

कोणाला खरोखर गरज आहे?

आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बऱ्यापैकी संरक्षण देते. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या देशांत जितका त्वचेचा कर्करोग आढळतो, तितका तो आपल्याकडे आढळत नाही. म्हणून शेतात जाणाऱ्या प्रत्येकाने ट्यूब विकत घ्यावी, असे मी सांगणार नाही. मात्र पुढील लोकांसाठी सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग आहे:

- चेहऱ्यावर वांग असलेले स्त्री-पुरुष.
- कोडाचे पांढरे डाग उघड्या भागावर असलेले रुग्ण. त्या डागांत रंगद्रव्य नसते, म्हणून ते भाग उन्हात लवकर भाजतात.
- जन्मतःच त्वचेत आणि केसांत रंगद्रव्य नसलेल्या व्यक्ती. यांना लहानपणापासून आयुष्यभर संरक्षण हवे. त्यांच्यात त्वचेच्या कर्करोगाचा धोका खरोखर मोठा असतो.
- ल्यूपससारखा आजार असलेले रुग्ण. उन्हाने त्यांचा आजार उसळतो.
- उन्हाची ॲलर्जी असलेले, म्हणजे ऊन लागल्यावर हात, मान, छातीचा वरचा भाग येथे खाजरे पुरळ येणारे.
- उन्हाला संवेदनशील करणारी औषधे घेणारे. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक आणि रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड ही त्यांतील नेहमीची उदाहरणे. ही औषधे स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

वांग आणि सनस्क्रीन

वांगाचे डाग गाल, कपाळ, नाक आणि वरच्या ओठावर येतात. गरोदरपणात ते अनेकींना येतात. माला-डीसारख्या संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी ते वाढू शकतात. घरात आईला किंवा बहिणीला असतील तर शक्यता जास्त असते. कारण काहीही असो, त्यात ऊन भर घालतेच. सकाळी ऊन अंगावर घ्यायचे आणि रात्री मलम लावायचे, हे म्हणजे गळक्या माठात पाणी भरण्यासारखे आहे. ऊन अडवले नाही तर कितीही महाग मलम लावले तरी डाग परत येतात.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. सावळ्या त्वचेत केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात. साधे झिंक ऑक्साइड दिसणारा प्रकाश पुरेसा अडवत नाही. त्यासाठी सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोहाचे रंगीत संयुग असावे लागते. अशा सनस्क्रीनला 'टिंटेड' म्हणतात. ते पांढरे नसून मातकट किंवा गव्हाळ रंगाचे असते. वांग असेल तर शक्यतो हेच निवडा. चेहरा पांढराफटक दिसण्याची तक्रारही त्यामुळे कमी होते.

रोज लावणे सुरक्षित आहे का?

*त्वचेतून रक्तात जाते का?* अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सनस्क्रीनमधील घटकांबाबत जो प्रस्ताव मांडला, त्यात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोनच घटकांना २५ टक्क्यांपर्यंतच्या प्रमाणात 'सुरक्षित आणि परिणामकारक' या गटात ठेवले. इतर अनेक रासायनिक घटकांबाबत अधिक माहिती मागवली. याचा अर्थ ते घटक घातक ठरले असा नाही. ते थोड्या प्रमाणात रक्तात उतरतात आणि त्यावर अजून अभ्यास हवा, एवढाच त्याचा अर्थ.

झिंकबाबत ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ओळखू येईल अशी खूण असलेले जस्त सनस्क्रीनमध्ये वापरून ते स्वयंसेवकांना समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस लावले. रक्तात त्यातले जस्त सापडले, पण रक्तात आधीच असलेल्या एकूण जस्ताच्या सुमारे एक हजारांश इतकेच. जस्त हे शरीराला रोज लागणारे खनिज आहे. डाळी, दाणे, दूध, अंडी यांतून आपण ते रोज खातो. त्या मानाने हे प्रमाण नगण्य आहे.

*नॅनो कणांचे काय?* पांढरा थर दिसू नये म्हणून काही कंपन्या अतिसूक्ष्म कण वापरतात. हे कण धड त्वचेच्या वरच्या मृत थरातच राहतात, आत जिवंत पेशींपर्यंत जात नाहीत, असे आजवरच्या बहुतेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही त्वचा सोललेली असेल किंवा उघडी जखम असेल तर तिथे सनस्क्रीन लावू नका.

*स्प्रे आणि पावडर:* इथे मात्र सावध राहा. झिंक किंवा टायटॅनियमची धूळ श्वासातून फुप्फुसात जाणे चांगले नाही. खनिज सनस्क्रीन क्रीम किंवा लोशन स्वरूपातच घ्या. भुकटी विकत आणून तेलात किंवा क्रीममध्ये मिसळून घरी सनस्क्रीन बनवू नका. कण नीट पसरत नाहीत, गुठळ्या राहतात आणि मध्ये मोकळ्या राहिलेल्या जागी संरक्षण मिळत नाही.

*गरोदर आणि स्तनदा माता:* या काळात झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन हा पहिला पर्याय मानला जातो. स्तनाजवळ लावले असल्यास पाजण्यापूर्वी पुसून घ्या.

*लहान मुले:* सहा महिन्यांच्या आतील बाळाला सनस्क्रीन नको. टोपडे, अंगभर सुती कपडे आणि सावली पुरे. सहा महिन्यांनंतर गरज असेल तर खनिज सनस्क्रीन चालते.

*त्रास होतोच का?* झिंकची स्वतःची ॲलर्जी क्वचित असते. खाज किंवा आग झाली तर ती बहुधा त्या क्रीममधील सुगंध किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या पदार्थांमुळे असते. नवीन ट्यूब आणल्यावर आधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहा.

खरा धोका शेजारच्या डबीत

चिंता सनस्क्रीनची केली जाते आणि त्याच फळीवरची, नाव-गाव नसलेली गोरेपणाची क्रीम मात्र बिनदिक्कत लावली जाते. त्यात दोन गोष्टींची भीती असते.

पहिली, स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे मलमावर असतील तर ते स्टेरॉइड आहे. पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव वाढते, उन्हात चेहरा भाजल्यासारखा होतो. मलम थांबवले की सगळे दुपटीने उसळते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. वांगासाठी दिले जाणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे तिहेरी मलमही ठरावीक आठवड्यांसाठीच असते. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे किंवा शेजारणीची ट्यूब बघून ते आणू नका. हायड्रोक्विनोनच्या दीर्घ वापराने डाग उलट निळसर-काळे पडू शकतात.

दुसरी, पारा. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. हे दूर कुठे घडलेले नाही. आपल्याच रेल्वेमार्गावरच्या अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना गोरे करणाऱ्या क्रीममुळे इजा झाल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. सौंदर्यप्रसाधनांत पारा वापरायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. तरीही लेबल नसलेल्या डब्यांत तो येतो. अशी क्रीम वापरणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि ती डबी बरोबर घेऊन जा.

झिंक ऑक्साइड रंग उजळवत नाही. ते फक्त आहे तो रंग काळवंडू देत नाही. 'सात दिवसांत गोरे' असे लिहिलेले काहीही सनस्क्रीन म्हणून घेऊ नका.

विकत घेताना लेबलवर काय पाहावे?

- घटकांच्या यादीत झिंक ऑक्साइडचे नाव.
- वांग असल्यास आयर्न ऑक्साइड. हे अनेकदा केवळ आकड्यांत लिहिलेले असते: सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९.
- एसपीएफ ३० किंवा अधिक. प्रयोगशाळेत एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवते आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के. फरक थोडाच आहे, त्यामुळे मोठ्या आकड्यामागे जास्त पैसे घालवायची गरज नाही.
- पीए+++ किंवा 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असा उल्लेख. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो, यूव्हीएचे संरक्षण या खुणेवरून कळते.
- उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख. यातले काहीच नसेल तर ती वस्तू परत ठेवा.

किती आणि कसे लावायचे?

बहुतेक जण निम्म्याहून कमी लावतात आणि मग 'उपयोग होत नाही' म्हणतात. सोपे माप असे: तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर क्रीमच्या दोन रेघा काढा. एवढे चेहरा आणि मान यांना लागते. एका वेळी एवढे अंगावर येणे जड वाटत असेल तर अर्धे लावा, दोन मिनिटांनी उरलेले लावा.

- बाहेर पडण्यापूर्वी लावा. कान, मानेची मागची बाजू आणि हातांची वरची बाजू विसरू नका.
- चोळून जिरवू नका, ठिपके देऊन हलक्या हाताने पसरवा.
- उन्हात असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावा.
- रात्री साबणाने किंवा फेसवॉशने धुऊन काढा.

खर्चाचा हिशेबही आधीच करा. दोन बोटांचे माप म्हणजे साधारण एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांच्या आसपास पुरते. तुमची ट्यूब तीन महिने चालत असेल, तर तुम्ही फार कमी लावत आहात. परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. अर्धवट लावण्यापेक्षा फक्त चेहऱ्यावर पुरेसे लावणे आणि बाकी अंग कपड्याने झाकणे बरे.

कपडा आधी, क्रीम नंतर

शेतात जाताना आपल्याकडच्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोके-चेहरा रुमालाने बांधतात. ही सवय उत्तम आहे, ती सोडू नका. घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड पातळ पांढऱ्या ओढणीपेक्षा जास्त संरक्षण देते. पुरुषांच्या साध्या टोपीने गाल आणि कान झाकले जात नाहीत. रुंद काठाची टोपी किंवा उपरणे चांगले.

वेळ ओळखायची सोपी खूण म्हणजे तुमची सावली. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा अतिनील किरणे तीव्र असतात. आपल्या भागात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास भरदुपारी सावली जवळजवळ नाहीशीच होते. जमेल तेवढे काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर ठेवा.

प्रत्येक पुरळ उन्हाचे नसते

उघड्या भागावर पुरळ आले की 'ऊन बाधले' म्हणून सनस्क्रीन आणले जाते. पण दोन आजार सारखेच दिसतात.

गाजर गवताची ॲलर्जी: हे गवत १९५० च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नोंदले गेले आणि आता बांधाबांधावर आहे. त्याचे बारीक कण हवेतून चेहऱ्यावर बसतात. उन्हाच्या पुरळात पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा बहुधा वाचते, कारण तिथे सावली असते. गाजर गवताच्या ॲलर्जीत नेमक्या याच जागा, तसेच कोपराच्या आतल्या घड्या खाजतात आणि जाड होतात. यात सनस्क्रीनपेक्षा गवतापासून दूर राहणे आणि औषधोपचार महत्त्वाचे.

पेलाग्रा: गळ्याभोवती, हातांच्या वरच्या बाजूला आणि पावलांवर गडद, खरखरीत पट्टे, जुलाब, चिडचिड किंवा भ्रम. हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार आहे. दारूचे व्यसन असलेल्या आणि जेवण सुटलेल्या माणसात असे पट्टे दिसले तर सनस्क्रीन आणत बसू नका. गोळ्यांनी हा बरा होतो, दुर्लक्ष केले तर जिवावर बेतू शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कॅलामाइन लोशन सनस्क्रीन म्हणून चालेल का?*
नाही. त्यात झिंक ऑक्साइड असले तरी उन्हापासूनच्या संरक्षणासाठी त्याची चाचणी झालेली नसते. ते खाजेसाठीच वापरा.

*सनस्क्रीनने ड जीवनसत्त्व कमी होते का?*
रोजच्या वापरात फारसा फरक पडत नाही, कारण हात-पाय आणि बाकी अंगाला ऊन लागतेच. पूर्ण झाकून राहणाऱ्यांनी आणि ल्यूपसच्या रुग्णांनी तपासणीबाबत डॉक्टरांना विचारावे.

*हळद, बेसन, लिंबू लावले तर?*
हळद-बेसनाने ऊन अडत नाही. लिंबू मात्र लावून उन्हात जाऊ नकाच. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजते आणि महिनोन्महिने काळे डाग राहतात.

*माला-डी बंद करू का?*
स्वतःहून नको. वांग वाढत असेल तर डॉक्टरांशी किंवा आरोग्यसेविकेशी बोला. तांबी किंवा संप्रेरक नसलेली 'छाया' गोळी असे पर्याय आहेत.

*वांग किती दिवसांत जाईल?*
औषध आणि ऊन टाळणे दोन्ही नीट केले तरी फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. डाग फिके झाल्यावरही सनस्क्रीन चालू ठेवावे लागते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- सनस्क्रीन लावूनही दर वेळी उन्हात पुरळ येत असेल.
- चेहऱ्यावरील पुरळाबरोबर सांधेदुखी, तोंडात फोड, ताप किंवा केस गळणे असेल.
- चेहऱ्यावर स्टेरॉइड किंवा अनोळखी क्रीम काही आठवड्यांहून जास्त वापरले असेल. ते कसे थांबवायचे हे विचारूनच ठरवा.
- न भरणारी जखम, वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ दिसला असेल.

आधी तुमच्या जवळच्या डॉक्टरांना दाखवा. गरज पडली तर हिंगोलीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, तसेच नांदेड आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील त्वचारोग विभाग येथे तपासणी होऊ शकते. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, रिकाम्या असल्या तरी, एका पिशवीत घालून न्या. निदान करताना डॉक्टरांना त्यांचा मोठा उपयोग होतो.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या त्रासासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*